महागाई उतरली म्हणतात, मग आपला हिशेब का जुळत नाही?

ऑक्टोबर २०२५ मध्ये देशातला किरकोळ महागाईचा दर पाव टक्क्यापर्यंत खाली आल्याची बातमी आपण सगळ्यांनीच वाचली. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून होणाऱ्या मोजणीतला तो सर्वांत खालचा आकडा होता. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या गटांमध्ये मी ती बातमी वाचून दाखवली तेव्हा तिन्ही ठिकाणी बायका हसल्या. एकीने विचारले, "ताई, हा बाजार कुठे भरतो ते सांगा, आम्ही सगळ्या जाऊ." प्रश्न गमतीचा होता, पण त्याला नीट उत्तर द्यायला हवे. आकडा खोटा आहे असे म्हणून भागत नाही. आकडा आणि आपला डबा यांच्यात नेमके काय घडते ते आपल्याला कळले पाहिजे, कारण घराचा हिशेब बसवण्याची जबाबदारी आपल्यावर टाकलेली आहे आणि तो बसला नाही की दोषही आपल्यालाच दिला जातो.

महागाईचा दर हा भाव वाढण्याचा वेग असतो. रिक्षा भरधाव पळत होती, आता ती हळू चालते आहे, एवढेच हा आकडा सांगतो. रिक्षा मागे फिरून आपल्या दारात आली असे तो सांगत नाही. एप्रिल २०२२ मध्ये महागाईचा दर ७.७९ टक्के होता. जुलै २०२३ मध्ये खाण्यापिण्याच्या वस्तूंची वाढ साडेअकरा टक्क्यांवर गेली, तेव्हा टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा अन्नाची वाढ जवळजवळ अकरा टक्के. दरवर्षीची वाढ आदल्या वर्षीच्या वाढीवर चढत गेली. त्या उंचीवर जाऊन भाव थांबले, तर त्याला स्वस्ताई म्हणायचे का?

गॅसचे उदाहरण घेऊ. आपल्या भागात नोव्हेंबर २०२० मध्ये घरगुती सिलिंडर ५९४ रुपयांना होता. मार्च २०२३ मध्ये तो ११०२ रुपये ५० पैशांवर गेला. मग ऑगस्ट २०२३ मध्ये २०० आणि मार्च २०२४ मध्ये महिला दिनाची भेट म्हणून १०० रुपये कमी झाले, आणि एप्रिल २०२५ मध्ये ५० पुन्हा वाढले. या सगळ्या चढउतारानंतर सिलिंडर ८५२ रुपये ५० पैशांना पडला, म्हणजे २०२० पेक्षा अडीचशेहून अधिक रुपयांनी महाग. शिवाय २०२० च्या उन्हाळ्यापासून आपल्यापैकी बहुतेकींच्या खात्यात सबसिडी येणेच बंद झाले. महिला दिनी आपल्याला शंभर रुपये भेट मिळाले खरे, पण त्याआधी आपल्याकडून पाचशे घेऊन झाले होते, हे कोणी सांगितले नाही.

विम्को नाक्यावरून रोज जाणाऱ्या अंबरनाथच्या मैत्रिणींना आणखी एक साधे उदाहरण पटेल. ज्या गावात एके काळी काडेपेट्यांचा मोठा कारखाना होता, त्याच गावात १ डिसेंबर २०२१ पासून एक रुपयाची काडेपेटी दोन रुपयांना मिळू लागली. चौदा वर्षांत पहिल्यांदाच तिची किंमत वाढली, आणि वाढली ती थेट दुपटीने. खाद्यतेलाचे तसेच झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाले आणि सूर्यफुलाचे तेल अडले. एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली. या देशांची नावे आपल्या किती जणींना ठाऊक होती? पण त्यांचे भांडण आपल्या कढईत येऊन पडले. जुलै २०२२ पासून पाकीटबंद पीठ, तांदूळ, दही, ताक यांवर पाच टक्के जीएसटी लागला. सप्टेंबर २०२५ मध्ये साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवरचा कर अठरावरून पाच टक्क्यांवर आला, ही चांगली गोष्ट झाली. पण काही भाव गुपचूप वाढतात, ते कर कमी करून उतरत नाहीत. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा पाच रुपयांचाच राहतो, आतली बिस्किटे तेवढी कमी होतात. लहान मुलाला ते आधी कळते, आकडेवाल्यांना नंतर.

हे झाले खर्चाचे. आता मिळकतीकडे पाहू, कारण महागाई ही नुसती भावांची गोष्ट नाही. मजुरी भावाबरोबर चढली असती तर आज हे संपादकीय लिहावे लागले नसते.

आपल्या तिन्ही गावांची पोटे रेल्वेच्या रुळांवर अवलंबून आहेत. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली तेव्हा ती केवळ गाडी थांबली नव्हती. १५ जूनपासून अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी गाड्या सुरू झाल्या. भांडी घासणारी, स्वयंपाक करणारी, म्हातारी माणसे सांभाळणारी बाई त्या यादीत नव्हती. २१ ऑक्टोबर २०२० पासून महिलांना प्रवासाची मुभा मिळाली, पण वेळ होती सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि संध्याकाळी सातनंतर. ज्यांनी ही वेळ ठरवली त्यांच्या डोळ्यांसमोर कोणती बाई होती? बदलापूरहून मुलुंडला जाणाऱ्या बाईला पहिल्या घरी सकाळी सातला पोचावे लागते. अकराची गाडी पकडून ती भांडी कधी घासणार? फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वांना ठराविक वेळांत प्रवेश मिळाला, एप्रिलमध्ये तो पुन्हा गेला, आणि १५ ऑगस्ट २०२१ ला लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांसाठी दार उघडले. या दीड वर्षात अनेकींची घरे सुटली. कोणाच्या जागी मशीन आले, कोणाच्या जागी जवळपास राहणारी दुसरी गरजू बाई आली. ज्या परत गेल्या त्यांतल्या कित्येकींना जुन्याच पगारावर, कधी त्याहून कमी पगारावर उभे राहावे लागले.

एप्रिल २०२१ च्या निर्बंधांच्या वेळी राज्य सरकारने घरेलू कामगारांना पंधराशे रुपये दिले, पण ते नोंदणी झालेल्यांना. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. इतक्या वर्षांत आपल्या वस्त्यांमधल्या किती जणींची नोंदणी झाली होती? जिच्याकडे कागद नव्हता तिला पैसे नव्हते. भूक मात्र तिलाही तेवढीच होती.

उल्हासनगरच्या चार आणि पाच नंबर कॅम्पात घरोघरी जीन्सचे धागे कापण्याचे काम चालते. वालधुनीच्या प्रदूषणाच्या प्रश्नावरून जीन्स धुण्याचे कारखाने महामारीच्या आधीच बंद पडले किंवा हलले होते. टाळेबंदीने उरलेल्या धंद्यालाही धक्का दिला. काम परत आले तेव्हा गठ्ठे आले, पण दर वाढला नाही. आमच्या गटातली एक जण म्हणते, "तेलाचा भाव विचारला की दुकानदार युद्धाचं सांगतो. मी सेठला धाग्याचा दर विचारला तर मी कुठलं युद्ध सांगू?" पापड लाटणाऱ्या बायकांचे दुखणे तेच, आणि अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे पॅकिंगला जाणाऱ्या मुलींचेही तेच. खाडा झाला की पैसे कापले जातात, पण भाव वाढला म्हणून पैसे वाढवले जात नाहीत. घरी बसून काम करणारी बाई वीज स्वतःची जाळते, जागा स्वतःची वापरते, पोरांनाही हाताशी घेते आणि तरी तिला कोणी कामगार म्हणत नाही.

खर्च चढला आणि मजुरी जागच्या जागी राहिली, तर मधली दरी कशी भरली गेली? माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे. ती दरी आपोआप भरली नाही. ती बायकांनी भरली, आणि चार ठिकाणांहून भरली.

पहिले ठिकाण म्हणजे आपले ताट. डाळ पातळ होते, दूध फक्त चहापुरते येते, अंडे मुलाला मिळते, कधी मुलीला मिळते, आईला मिळत नाही. रेशनवर जानेवारी २०२३ पासून गहू-तांदूळ फुकट मिळतो, त्याचा आधार मोठा आहे, तो कोणी नाकारू नये. पण नुसत्या भाताने जेवण होत नाही. डाळ आणि तेल बाजारातूनच आणावे लागते, आणि भाव त्यांचेच वाढले. शिवाय हा फुकटचा तांदूळही कोणाला मिळतो? अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली आला तेव्हा आपल्या राज्याने शहरी कुटुंबासाठी वर्षाला ५९,००० रुपये उत्पन्नाची मर्यादा ठरवली. महिन्याचे पाच हजारही झाले नाहीत. महामारीच्या वर्षांतही हीच मर्यादा होती. खोलीभाडे भरून अंबरनाथमध्ये राहणारे, महिन्याला आठ हजार कमावणारे कुटुंब या कागदानुसार गरीब ठरत नाही. गंमत पाहा, २०२४ साली याच राज्याने 'लाडकी बहीण' योजनेसाठी अडीच लाखांची मर्यादा धरली. तीच बाई एका खात्यात गरजू आणि दुसऱ्या खात्यात सधन कशी?

दुसरे ठिकाण म्हणजे आपले किडूकमिडूक. टाळेबंदीत भांडी गेली, मग कानातले गेले, मग मंगळसूत्र गहाण पडले. स्त्रीधन म्हणून बाईच्या नावावर असते ते एवढेच. घर तिच्या नावावर नसते, गावची जमीन नसते. अडचणीच्या काळात सगळ्यांत आधी मोडले जाते तेही हेच. २०२५ साली सोन्याने तोळ्याला लाखाचा टप्पा ओलांडला. २०२० मध्ये विकलेले एक तोळे परत घ्यायचे तर आता दुपटीहून अधिक पैसे हवेत. म्हणजे ते परत येणार नाही. घर सावरले, पण सावरण्यासाठी जिने दिले तिचे ते कायमचे गेले आणि त्याची नोंद कुठेही झाली नाही.

तिसरे ठिकाण म्हणजे आपले श्रम. विकत घेता येत नाही ते हाताने करायचे. दळण आणायला दूरच्या स्वस्त गिरणीवर जायचे, भाजी रात्री नऊनंतर उतरत्या भावात घ्यायची, रिक्षाचे पैसे वाचवायला स्टेशनपर्यंत चालायचे. टंचाई आली की हे श्रम आणखी वाढतात. बारवी धरण आपल्या उशाशी, उल्हास नदी बदलापूरच्या अंगणातून वाहते, आणि तरी आपल्या वस्त्यांत पाण्यासाठी रात्री जागावे लागते. उल्हासनगरला पाणी एमआयडीसीकडून विकत येते, अंबरनाथ-बदलापूरला जीवन प्राधिकरण देते. पाणी कोणीही देवो, ते भरते कोण? ज्या दिवशी नळ येत नाही त्या दिवशी टँकरचे पैसे द्यायचे किंवा कामाचा खाडा करायचा, आणि दोन्हीचा भुर्दंड एकाच बाईवर पडतो. मोठ्या मुलीची शाळा बुडते तीही याच हिशेबात धरायला हवी.

चौथे ठिकाण म्हणजे कर्ज. त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे मारहाणीच्या तक्रारींइतक्याच हप्त्याच्या तक्रारी आल्या, आणि पुष्कळदा त्या दोन्ही एकाच बाईच्या होत्या.

मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली. हप्ता थांबला, पण व्याज थांबले नाही, हे अनेकींना नंतर कळले. जुना हप्ता भरण्यासाठी दुसऱ्या कंपनीचे कर्ज, दुसऱ्यासाठी तिसऱ्याचे, अशी साखळी तयार झाली. कर्ज बाईच्या नावावर असते, कारण बाई हप्ता चुकवत नाही याचा कंपन्यांना भरवसा आहे. पैसा मात्र नवऱ्याच्या रिक्षाला, सासऱ्याच्या दवाखान्याला, खोलीच्या डिपॉझिटला जातो. सही तिची, शिव्या तिला, आणि खर्चाचा निर्णय दुसऱ्याचा. महामारीत ज्यांचे नवरे गेले त्या बहिणींना तर पंधराव्या दिवशी दारात वसुलीवाला दिसला. सरकारने दिलेले पन्नास हजार काही घरांत हप्त्यातच गेले.

यात मला सर्वांत जास्त टोचते ती गटाची जबाबदारी. एकीने हप्ता चुकवला की बाकीच्या नऊ जणींनी भरायचा किंवा तिच्या दारात जाऊन बसायचे. ज्या बायका एकमेकींचे बाळंतपण करत होत्या, संकटात भिशी आधी उचलू देत होत्या, त्याच बायकांना एकमेकींच्या वसुलीला बसवले गेले. आपण वर्षानुवर्षे वस्तीत जी एकी उभी केली, तिचा वापर तारण म्हणून झाला. मैत्रीण हप्त्यामुळे तोंड चुकवू लागते तेव्हा ती बैठकीलाही येत नाही आणि मार बसला तरी सांगायला येत नाही. म्हणून हा प्रश्न केवळ पैशांचा नाही, आपल्या चळवळीचाही आहे.

तर मैत्रिणींनो, काही नियम पाठ करून ठेवा. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये सूक्ष्म कर्जाचे नियम काढले आणि ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. या कर्जाला तारण मागता येत नाही. व्याज आणि सर्व आकार लिहिलेला कागद आपल्याला कळेल अशा भाषेत दिला पाहिजे. मुदतीआधी कर्ज फेडले तर दंड लावता येत नाही. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर यायचे नाही, शिवीगाळ करायची नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही. वसुलीची जागा आधी ठरलेली असली पाहिजे. तिथे लागोपाठ दोनदा गैरहजर राहिल्याशिवाय घरी येता येत नाही. तक्रार आधी कंपनीकडे लेखी द्या, पोच घ्या. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. मात्र याच नियमांनी व्याजाची वरची मर्यादा काढून तो निर्णय कंपन्यांच्या संचालक मंडळांवर सोपवला, हेही विसरू नका. वागणुकीचे नियम मिळाले, पण दराचा लगाम सुटला.

आता 'लाडकी बहीण'विषयी. जुलै २०२४ पासून मिळू लागलेल्या पंधराशे रुपयांना कोणी भीक म्हटले तर मला ते आवडत नाही. बाईच्या खात्यात, बाईच्या नावाने पैसा येणे ही छोटी गोष्ट नाही. कित्येकींनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला न विचारता औषध घेतले, चप्पल घेतली. पण ही रक्कम मजुरीची जागा घेऊ शकत नाही. निवडणुकीच्या आधी एकवीसशेचे आश्वासन द्यायचे आणि निवडणुकीनंतर कागदपत्रांची चाळणी लावायची, याला हक्क म्हणत नाहीत. हक्काला ओवाळणीसारखे कोणाच्या मर्जीवर थांबावे लागत नाही. आणि ज्या खात्यात पंधराशे येतात त्याच खात्यातून हप्ता आपोआप कापला जात असेल, तर ती मदत बहिणीला झाली की कंपनीला, हाही प्रश्न आपण विचारला पाहिजे.

१९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या. रॉकेल, तेल, धान्य यांच्या टंचाईवर हजारो गृहिणी लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्या वेळी महागाई हा प्रत्येकीच्या घरातला काटकसरीचा विषय राहिला नाही, तो मंत्र्यांना उत्तर द्यावे लागेल असा विषय झाला. आज भाव त्याहून अवघड वाटांनी वाढतात. कोणाच्या दारात लाटणे घेऊन जायचे तेच कळत नाही. प्रत्येक जण आपापल्या मोबाइलवर आपापला हप्ता भरते आणि आपल्यालाच संसार जमत नाही असे मनात म्हणते. एकटीने सोसलेल्या महागाईची लाजच वाटते. तिचा जाब विचारता येतो तो चौघी मिळून सोसायला लागल्यावरच.

म्हणून या अंकाबरोबर आपण एक काम हाती घेऊ. प्रत्येक गटाने निदान पाच घरांचा तीन महिन्यांचा हिशेब लिहायचा. वहीत चार रकाने ठेवायचे: काय आणले आणि कितीला, काय आणायचे सोडून दिले, कोणाला किती हप्ता गेला, आणि पैसे वाचवण्यासाठी बाईचे किती तास गेले. दुसरा आणि चौथा रकाना कुठल्याच सरकारी पाहणीत आपल्यासाठी नसतो, म्हणून तेच दोन सर्वांत जपून भरायचे. लिहिता येत नसेल तिथे मुलीने लिहावे, आईने सांगावे.

या वह्या घेऊन आपण तिन्ही गावांत मागण्या मांडू. रेशनच्या उत्पन्नाची मर्यादा आजच्या भावांना धरून वाढवा. रेशनवर डाळ आणि तेल नियमित द्या. घरी काम करणाऱ्या बायकांच्या नगाचे दर ठरवा आणि ते दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवा. घरेलू कामगारांची नोंदणी वॉर्डात येऊन करा. पाण्याचे वेळापत्रक आधी जाहीर करा आणि ते पाळा. आणि कर्जाच्या जाचाची तक्रार पोलीस ठाण्यात 'आपसातला व्यवहार' म्हणून परत पाठवू नका.

आपल्या गटांनाही एक ठराव करायचा आहे. यापुढे आपल्यातली कोणीही, हप्ता चुकलेल्या दुसरीच्या दारात वसुलीला बसणार नाही. तिच्या घरी जाऊ, पण तिची वही लिहायला, तिच्या तक्रारीवर सही करायला आणि तिला बैठकीला परत घेऊन यायला.

तुमच्या वह्यांची वाट पाहते आहे.

— संपादक मंडळासाठी